इलेक्ट्रोडचं पेटंट आणि "यात नवीन काय?" हा प्रश्न: पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

केळीच्या खोडापासून बॅटरी बनवतो असं सांगणारा माणूस आमच्या जळगाव जिल्ह्यात दर वर्षी एखाददुसरा भेटतोच. त्यात हसण्यासारखं काही नाही, रावेर-यावल पट्ट्यात घड कापला की खोड बांधावर पडून सडतं, फुकटात कार्बन पडलाय असं कुणाही केमिस्ट्रीवाल्याला वाटणारच. मग तो पोरगा भट्टी लावतो, काळी पावडर करतो, कॉइन सेल (नाण्याएवढी चाचणीची बॅटरी) भरतो, सेल चालतो, आणि माझ्याकडे येऊन म्हणतो, भाऊ पेटंट करायचंय, गुगलवर शोधलं, खोडाचं कुणीच केलेलं नाही. मी त्याला २०१४ चा एसीएस नॅनो या विज्ञानपत्रिकेतला पेपर उघडून दाखवतो, केळीच्या सालीपासून सोडियम आणि लिथियम आयन बॅटरीचे अ‍ॅनोड, कॅनडात केलेलं काम. अ‍ॅनोड म्हणजे बॅटरीचा ऋण इलेक्ट्रोड, चार्ज करताना आयन साठवणारी बाजू. पोराचा चेहरा पडतो. पण ते साल आहे, माझं खोड आहे, म्हणतो.

बरोबर आहे त्याचं. खोड हे साल नाही, म्हणून ते "नवीन" आहे. पण पेटंटच्या भांडणात नवीन असणं ही फक्त दाराची कडी, खरा दरवाजा पुढे आहे आणि त्याला ऑब्व्हियसनेस म्हणतात. म्हणजे या धंद्यातल्या जाणकार माणसाला जुनं सगळं वाचून हे सहज सुचलं असतं का? सुचलं असतं तर पेटंट नाही, मग तुम्ही कितीही रात्री जागलेले असा. मी स्वतः या भांडणात एकदा आपटलोय आणि नंतर दुसऱ्यांच्या अर्जांची उत्तरं लिहिताना बरंच शिकलोय, ते पायरी-पायरीने सांगतो. पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, काही ठिकाणी जास्त वेळ थांबणार आहे.

पायरी १. कायदा नक्की काय विचारतो ते आधी वाचा

पेटंट कायदा १९७० चा, त्यातलं कलम २(१)(जेए) उघडा. चार ओळींचं आहे. इन्व्हेंटिव्ह स्टेप म्हणजे शोधातलं असं वैशिष्ट्य की ज्यात आधीच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती आहे, किंवा आर्थिक महत्त्व आहे, किंवा दोन्ही आहे, आणि ज्यामुळे तो शोध त्या कलेतल्या जाणकाराला ऑब्व्हियस राहत नाही. लोक पहिला अर्धा भाग वाचतात आणि थांबतात. "आमचं स्वस्त आहे म्हणजे आर्थिक महत्त्व आहे" असं उत्तरात लिहितात. अहो तो "आणि" महत्त्वाचा आहे, स्वस्त असून ऑब्व्हियस असलेली वस्तू बादच होते.

हा जाणकार कोण? तो कायद्यातला काल्पनिक माणूस आहे. त्याने सगळे पेपर आणि सगळी पेटंटं वाचलेली आहेत, हाताला सवय आहे, पण कल्पनाशक्ती मात्र शून्य. आमच्या एमआयडीसीतला पक्का लेथ ऑपरेटर डोळ्यापुढे आणा ज्याला ड्रॉइंग दिलं की मायक्रॉनमध्ये काम देतो पण ड्रॉइंगच्या बाहेर जात नाही. आणि लेथची आठवण उगाच काढली नाही, भारतातला या विषयावरचा सगळ्यात जास्त दाखला दिला जाणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल लेथचाच आहे, बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज, १९७८. भांडी लेथवर फिरवताना धरून ठेवायच्या साधनाचं पेटंट होतं. कोर्ट म्हणालं की ही नुसती वर्कशॉपमधली सुधारणा आहे, शोध नाही, आणि पेटंट गेलं. तुमच्या इलेक्ट्रोडला एक्झामिनर (पेटंट ऑफिसात अर्ज तपासणारा) हाच शब्द चिकटवणार आहे, वर्कशॉप सुधारणा, फक्त बॅटरीच्या भाषेत त्याला "रुटीन ऑप्टिमायझेशन" म्हणतात.

पायरी २. शोधाशोध, आणि ती स्वतःच्या विरोधात

बहुतेक जण सर्च करतात तो "कुणी केलंय का" हे बघायला, आणि काही सापडलं नाही की खूश होतात. उलटं करा. तुम्ही तुमच्याच अर्जाचे विरोधक आहात असं समजून बसा.

एस्पेसनेट, गुगल पेटंट्स, पेटंटस्कोप आणि आपल्या पेटंट ऑफिसचं इनपास, पेटंट शोधायची ही चारही संकेतस्थळं फुकट आहेत. नुसतं "बनाना" टाकून भागत नाही, म्युसा (केळीचं शास्त्रीय नाव) टाका, प्लँटेन टाका, स्यूडोस्टेम (केळीचं खोड), बायोमास, लिग्नोसेल्युलोज, हार्ड कार्बन, नॉन-ग्राफिटायझेबल कार्बन हे सगळे शब्द टाका. त्याहून भारी म्हणजे वर्गीकरणाचे कोड. इलेक्ट्रोडचं सगळं घराणं एच०१एम ४ खाली राहतं (टाकताना इंग्रजी अक्षरं-आकडे टाका अर्थातच). कार्बनवाले ४/५८३ आणि ४/५८७ मध्ये, सिलिकॉनसारखी मूलद्रव्यं आणि मिश्रधातू ४/३८ मध्ये, आणि बाइंडर (पावडर धरून ठेवणारा डिंक), कंडक्टिव्ह कार्बन असला "निष्क्रिय" माल ४/६२ मध्ये. चिनी आणि जपानी पेटंटं मशीन भाषांतरात वाचायला कंटाळा येतो पण बॅटरीचा निम्मा जीव तिकडेच आहे, तो कंटाळा केला तर एक्झामिनर तुमच्यासाठी करतो आणि मग त्याची किंमत जास्त पडते.

शेवटी हातात तीन-चार कागद राहिले पाहिजेत. त्यातला जो तुमच्या सगळ्यात जवळचा त्याला डी१ म्हणा. आमच्या खोडवाल्या पोराचा डी१ तो केळीच्या सालीचा पेपर. डी२ बहुधा स्टीव्हन्स आणि डान यांचं २००० सालचं काम, ग्लुकोज हवेशिवाय भाजून केलेला हार्ड कार्बन (थर विस्कटलेला, ग्राफाइट न होणारा कार्बन), सोडियम साठवायची क्षमता ग्रॅमला साधारण ३०० मिलीअँपिअर-तास. म्हणजे साखरेसारखा कार्बन असलेला पदार्थ हवेशिवाय तापवला की सोडियमचा अ‍ॅनोड होतो हे पंचवीस वर्षांपूर्वीच जगाला माहीत झालंय. ग्राफाइट सोडियमला नीट आत घेत नाही म्हणून हार्ड कार्बन लागतो, हेही सगळ्यांना माहीत. मग "खोड घेतलं, धुतलं, १३०० अंशाला भाजलं" यात उरलं काय?

पायरी ३. फरक एका वाक्यात लिहा, लिहिता आला नाही तर थांबा

भरिताचं उदाहरण देतो, राग मानू नका. वांगं भाजून ठेचणं जुनं, हिरवी मिरची जुनी, शेंगदाणे जुने, कांद्याची पात जुनी. मी आज त्यात शेंगदाण्याऐवजी काजू घातले आणि म्हणालो नवीन शोध, तर आमच्याकडची कुठलीही आजी विचारेल, अरे मग झालं काय वेगळं? काजूची चव काजूची, वांग्याची चव वांग्याची, बेरीज झाली नुसती. पेटंट कायद्यातही नुसत्या मिश्रणाला कलम ३(ई) आडवं येतंच. काजूने वांग्याचं असं काही झालं की जे दोघांच्या बेरजेत नव्हतं, तर बोलायला जागा आहे.

आता इलेक्ट्रोडकडे. समजा आमच्या पोराने खरंच काहीतरी वेगळं केलंय. केळीच्या खोडात पोटॅशियम भरपूर असतं. सगळे लोक सांगतात की भाजायच्या आधी अ‍ॅसिडने धुऊन ते काढून टाका, कारण पोटॅशियमचे क्षार तापवताना कार्बनला खातात, उघडी भोकं पाडतात, पृष्ठभाग वाढतो, आणि मग पहिल्याच चार्जला इलेक्ट्रोलाइट त्या पृष्ठभागावर थर करण्यात सोडियम खाऊन टाकतो, म्हणजे पहिल्या सायकलची एफिशियन्सी (टाकलेल्या चार्जपैकी परत मिळणारा हिस्सा) पडते. समजा या पोराने पोटॅशियमचा ठराविक हिस्सा मुद्दाम ठेवला, आधी कमी तापमानाला बराच वेळ ठेवलं, मग धुतलं, मग वरच्या तापमानाला नेलं, आणि एफिशियन्सी पडायच्या ऐवजी वाढली. आता फरक एका वाक्यात येतो: "सगळे आधी धुतात, मी मध्ये धुतो, आणि परिणाम उलटा येतो." हे वाक्य आहे तर केस आहे. "मी खोड वापरलं" हे वाक्य असेल तर केस नाही, पैसे वाचवा.

पायरी ४. अ‍ॅडम्सची बॅटरी, हा निकाल वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका

इलेक्ट्रोडच्या ऑब्व्हियसनेसवरचं जगातलं सगळ्यात गाजलेलं भांडण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात झालं, युनायटेड स्टेट्स विरुद्ध अ‍ॅडम्स, निकाल २१ फेब्रुवारी १९६६. योगायोग असा की त्याच दिवशी त्याच कोर्टाने ग्रॅहम विरुद्ध जॉन डिअर हाही निकाल दिला, तो नांगराच्या फाळाच्या दांड्याचा, दगड लागला की दांडा वर उचलला जावा म्हणून केलेल्या जोडणीचा. नांगरवाला हरला, बॅटरीवाला जिंकला. दोन्ही शेजारी ठेवून वाचले तर अर्धा विषय तिथेच कळतो.

अ‍ॅडम्सने एक इलेक्ट्रोड मॅग्नेशियमचा आणि दुसरा क्युप्रस क्लोराइडचा घेतला. बॅटरी कोरडी ठेवायची, लागेल तेव्हा पाणी ओतायचं, अ‍ॅसिड नको काही नको, हलकी, आणि व्होल्टेज स्थिर. अर्ज १९४१ च्या डिसेंबरात, पेटंट १९४३ मध्ये. त्याने लष्कराला दाखवली तर तिथल्या तज्ज्ञांना पटेचना, आणि नंतर त्याच लष्कराने त्याला न सांगता बनवून घ्यायला सुरुवात केली. त्याने खटला भरला तेव्हा सरकार म्हणालं, यात काय, झिंक आणि सिल्व्हर क्लोराइडची बॅटरी जुनी आहे, झिंकच्या जागी मॅग्नेशियम चालतं हे जुन्या पुस्तकात आहे, सिल्व्हर क्लोराइडच्या जागी क्युप्रस क्लोराइड चालतं हेही दुसऱ्या कागदात आहे, दोन बदल एकत्र केले, ऑब्व्हियस.

ऐकायला पटतं ना? एक्झामिनरचं पत्रही असंच वाचायला पटतं. पण कोर्टाने वेगळा प्रश्न विचारला. या बॅटरीत एकदा पाणी घातलं की ती बंद करता येत नाही आणि वापरताना तापते, असल्या बॅटऱ्या व्यवहारात निरुपयोगी असं तेव्हाचा जाणकार मानत होता. शिवाय पाण्यावर चालणाऱ्या बॅटऱ्यांमध्ये तोवर जे इलेक्ट्रोलाइट यशस्वी झाले होते ते मॅग्नेशियमला मारक होते. म्हणजे अ‍ॅडम्सच्या वाटेला जायचं तर जाणकाराला आपल्याला माहीत असलेले दोन तोटे विसरावे लागले असते. प्रत्येक तुकडा जुना, तरी जोडणी ऑब्व्हियस नाही, कारण जुनं ज्ञान दुसरीकडे बोट दाखवत होतं. याला टीचिंग अवे म्हणतात, आणि वरच्या पोटॅशियमच्या उदाहरणात मी तेच का पेरलं ते आता लक्षात आलं असेल.

असं सांगतात की सुनावणीत अ‍ॅडम्सच्या वकिलाने समोरच्या ग्लासातलं पाणी घोटभर प्यायलं आणि उरलेल्यात चिमुकली बॅटरी टाकली, तिला जोडलेला दिवा लागला, आणि वाद चालू असेपर्यंत तो जळतच राहिला. आपल्या व्हिडिओ कॉन्फरन्सवर हे जमत नाही, पण आपल्या तुलनेच्या आकड्यांनी तेवढंच काम करायचं असतं.

पायरी ५. तुलनेचा प्रयोग, इथे आम्ही आपटलो

मी आणि माझा एक मित्र, दोघांनी कपाशीच्या काड्यांच्या कार्बनवर अर्ज टाकला होता. काड्या म्हणजे आमच्याकडे चुलीचं जळण, त्यामुळे उत्साह दांडगा. पहिला एक्झामिनेशन रिपोर्ट आला, डी१ आणि डी२ लावून ऑब्व्हियस म्हटलेलं. आम्ही उत्तरात छाती फुगवून लिहिलं की आमची क्षमता डी१ पेक्षा जास्त. सुनावणीत एकच प्रश्न आला: कोणत्या करंटला? डी१ ची मोजणी जोरात डिस्चार्ज करून होती, आमची अगदी हळू, आणि हळू काढली तर कुठल्याही इलेक्ट्रोडमधून जास्त निघते हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. अर्ज नाकारला, आणि खरं सांगू, नाकारणाऱ्याची काही चूक नव्हती.

तेव्हापासून माझा नियम असा की डी१ चा माल स्वतः बनवायचा. पेपरात दिलंय तसा, प्रामाणिकपणे, मुद्दाम बिघडवून नाही. मग तुमचा आणि त्याचा, दोन्ही एकाच दिवशी, त्याच बाइंडरने, त्याच सुपर पी (वीज वाहणारी कार्बन पावडर) ने, तेवढ्याच जाडीचा लेप देऊन, त्याच इलेक्ट्रोलाइटमध्ये, त्याच सी-रेटला (चार्ज-डिस्चार्जच्या वेगाला) चालवायचे. चौरस सेंटिमीटरवर किती मिलीग्रॅम माल बसलाय ते लिहायचं, कारण पातळ लेपावर सगळेच हिरो असतात. एक सेल नाही, निदान पाच-सहा सेल, आणि सरासरीबरोबर फरकही द्यायचा. जो खराब आला तोही वहीत ठेवायचा.

आणि एकच फरक बदलायचा. खोड पण वेगळं, तापमान पण वेगळं, धुणं पण वेगळं असं केलं तर सुधारणा कशामुळे आली ते कुणाला सांगणार? वरच्या उदाहरणात दोन्ही बाजूंना खोडच घ्या, एकात आधी धुवा, दुसऱ्यात मध्ये धुवा. समजा पहिल्या सायकलची एफिशियन्सी एकात ७० टक्के आणि दुसऱ्यात ८४, आता हे १४ टक्के फक्त तुमच्या पायरीचे आहेत, सालीचा पेपर त्यावर हक्क सांगू शकत नाही.

आकड्यांच्या रेंजचं एक वेगळं दुखणं आहे. "१२०० ते १५०० अंश" असा क्लेम (अर्जात नेमका हक्क सांगणारं वाक्य) टाकला आणि जुन्या कागदात १००० ते १६०० आहे, तर एक्झामिनर म्हणणार की यातलं एक तुकडं उचललं, रुटीन ऑप्टिमायझेशन. मग तुम्हाला रेंजच्या आत आणि रेंजच्या बाहेर दोन्हीकडे मोजलेलं दाखवावं लागतं, की ११५० ला नाही होत, १२५० ला होतं, १५५० ला पुन्हा पडतं. आतल्याच चार बिंदूंचा सुंदर ग्राफ काढून उपयोग नाही, बाहेरच्या वाईट बिंदूंनीच तुमची रेंज वाचते. तसंच एक्सआरडीतल्या (क्ष-किरण चाचणीतल्या) कार्बनच्या थरांमधल्या अंतराचं, हार्ड कार्बनचं साधारण ०.३७ ते ०.४० नॅनोमीटर, ग्राफाइटचं ०.३३५. "आमच्या कार्बनचं अंतर ०.३८ आहे" असा क्लेम केला तर लगेच ऐकावं लागतं की डी१ चंही तेवढंच असणार, त्यांनी मोजलं नाही एवढंच.

सिलिकॉनवाल्यांना एक वाक्य: सिलिकॉन लिथियम घेताना जवळजवळ तिप्पट-चौपट फुगतो आणि ग्राफाइटची ग्रॅमला ३७२ मिलीअँपिअर-तासांची मर्यादा तो कितीतरी पटीने ओलांडतो हे सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे "फुगणं कमी व्हावं म्हणून कार्बनचा लेप दिला" एवढ्याने आज कुणी हलत नाही.

पायरी ६. अर्ज, आणि त्याआधी तोंड बंद

कॉलेजच्या प्रदर्शनात पोस्टर लावलं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ग्राफ टाकला, स्थानिक पेपरात फोटोसकट बातमी आली, आणि नंतर अर्ज केला, हे आमच्याकडे इतकं होतं की विचारू नका. तुमचंच पोस्टर तुमच्या विरोधात डी१ होतं. कलम ३१ मध्ये काही ठराविक प्रदर्शनं आणि विद्वत्सभेत वाचलेले पेपर यांना १२ महिन्यांची सूट आहे पण ती अरुंद आहे, तिच्या भरवशावर राहू नका. घाई असेल तर प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज टाका आणि १२ महिन्यांत कम्प्लीट स्पेसिफिकेशन (शोधाचं पूर्ण वर्णन) द्या. ऑनलाइन फॉर्म १ ची फी व्यक्ती, स्टार्टअप, छोटे उद्योग आणि शिक्षणसंस्थांना १६०० रुपये, तपासणी मागायचा फॉर्म १८ चे ४०००. फॉर्म १८ ची मुदत २०२४ च्या नियमबदलानंतर ३१ महिने झाली आहे, जुने लोक ४८ सांगतात, त्यांचं ऐकून बसू नका. खान्देशचा अर्ज मुंबईच्या पेटंट ऑफिसला जातो.

स्पेसिफिकेशनमध्ये ती "लोक आधी का धुतात आणि मी का नाही" ही गोष्ट लिहूनच टाका, आणि तुलनेचे आकडेही त्यातच. नंतर आत घुसवता येत नाही, कलम ५९ दुरुस्तीला फार कमी जागा देतं, जे मुळात लिहिलंय त्याच्या आतच आकसायचं. म्हणून क्लेम जिन्यासारखे बांधा, वरचा मोठा, त्याखाली तापमानाचा, त्याखाली पोटॅशियमच्या टक्क्याचा, त्याखाली वेळेचा. वरची पायरी मोडली तर खालच्या पायरीवर उभं राहता येतं. आम्ही एकच मोठा क्लेम टाकला होता. पडलो तेव्हा थेट जमिनीवर.

पायरी ७. रिपोर्ट आला, आता उत्तर

पत्र आल्यापासून सहा महिने मिळतात. पहिले पंधरा दिवस पत्राला शिव्या देण्यात जातात, ते धरूनच चाला.

उत्तराचा सांगाडा दिल्ली हायकोर्टाने रोश विरुद्ध सिप्ला या २०१५ च्या निकालात दिलेल्या पाच पायऱ्यांवर बसवा: जाणकार कोण ते ठरवा, शोधाचा गाभा कोणता ते सांगा, अर्जाच्या तारखेला त्या जाणकाराला काय-काय माहीत होतं ते मांडा, डी१ आणि तुमच्यात फरक कोणता ते दाखवा, आणि तुमचा शोध आधी बघितलाच नाही असं समजून तो फरक त्याला सुचला असता का ते बोला. शेवटचं महत्त्वाचं. उत्तर माहीत असताना कोडं सोपंच वाटतं, एक्झामिनरने तुमचा अर्ज वाचून मग मागे जाऊन तुकडे गोळा केलेले असतात. त्याला विचारा, डी१ वाचणाऱ्या माणसाने डी२ का उघडला असता? त्यात तसं कारण कुठे लिहिलंय? युरोपात हाच प्रश्न असा विचारतात की जाणकार हे करू "शकला असता" की खरोखर "केलं असतं".

रिपोर्टमध्ये नुसतं "डी१ आणि डी२ वरून ऑब्व्हियस" असं लिहून सोडलं असेल तर अ‍ॅग्रिबोर्ड इंटरनॅशनलचा २०२२ चा दिल्ली हायकोर्टाचा निकाल उपयोगी पडतो. जुन्या कागदात काय आहे, अर्जात काय आहे, आणि एकावरून दुसरं जाणकाराला कसं सुचतं, या तिन्हीचा विचार कंट्रोलरला (अर्जावर निर्णय देणाऱ्या पेटंट अधिकाऱ्याला) करावा लागतो असं त्यात आहे.

समोरून "ऑब्व्हियस टू ट्राय" येईल, हा अमेरिकेच्या २००७ च्या केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स निकालातून फिरत आलेला मुद्दा, की मोजकेच ओळखीचे पर्याय होते आणि निकालाचा अंदाज होता तर करून बघणं ऑब्व्हियसच. पाच बाइंडरमधून एक निवडला असेल तर हा मुद्दा तुम्हाला खरंच लागतो, भांडू नका, दुसरीकडे जोर लावा. पण पर्याय शेकड्यांनी असतील किंवा अंदाज उलटा होता तर स्पष्ट सांगा, आणि उलटा अंदाज सांगणारे दोन जुने कागद स्वतः जोडा. स्वतःच्या विरोधातली शोधाशोध केली होती ना, ती इथे कामाला येते.

एक करू नका: "डी१ मध्ये साल आहे, आमच्यात खोड" यावर दोन पानं. आणि डी१ मध्ये हे नाही, डी२ मध्ये ते नाही असं वेगवेगळं झोडपत बसू नका, एक्झामिनरने दोघांना एकत्र धरलंय, तुम्हीही एकत्रच धरून बोला.

पायरी ८. तुम्ही दुसऱ्या बाजूला असाल तर

कधी उलटंही होतं. आपण वर्षानुवर्षं जे करतोय त्यावरच कुणीतरी अर्ज टाकलेला दिसतो. अर्ज प्रकाशित झाल्यावर आणि पेटंट मिळायच्या आधी कुणीही फॉर्म ७ए ने विरोध करू शकतो, ऑब्व्हियसनेसचा मुद्दा कलम २५(१)(ई). २०२४ पासून याला फी लागते आणि कंट्रोलर आधी बघतो की विरोधात प्रथमदर्शनी दम आहे का, त्यामुळे नुसता राग पाठवून चालत नाही. पेटंट मिळून गेलं असेल तर वर्षाच्या आत फॉर्म ७, पण तिथे तुमचा संबंध दाखवावा लागतो. त्यानंतर हायकोर्टात कलम ६४, तो खर्चाचा रस्ता. प्रत्येक ठिकाणी तारीख असलेला कागद लागतो. "आमच्याकडे आधीपासून करतात भो" हे खरं असलं तरी बिल, वही, छापील लेख असं काहीतरी हातात पाहिजे.

पायरी ९. सुनावणी

सुनावणी व्हिडिओवर होते, मुंबईला जायची गरज नाही. लाईटचा भरवसा धरू नका, मोबाईलचं हॉटस्पॉट आणि चार्ज केलेला लॅपटॉप तयार ठेवा. टेबलावर तीनच कागद: डी१ ची प्रिंट, त्यात महत्त्वाच्या ओळीखाली रेघ, तुलनेचा तक्ता, आणि ते एक वाक्य. वेळ थोडा असतो, सुरुवात त्या वाक्याने करा, खान्देशातल्या केळीच्या महतीने नको. प्रश्न विचारला आणि उत्तर माहीत नसेल तर "लेखी देतो" म्हणा, कारण सुनावणीनंतर लेखी म्हणणं द्यायला १५ दिवस मिळतात आणि त्यात शांतपणे लिहिता येतं. आम्ही त्या दिवशी करंटचा आकडा तोंडाने ठोकून दिला होता, तो चुकला, आणि आदेशात तोच छापून आला.

नाकारलं तर फेरविचारासाठी एक महिना, फॉर्म २४. अपिलाला तीन महिने, कलम ११७ए, २०२१ मध्ये अशी अपिलं ऐकणारं वेगळं अपिलेट बोर्ड बंद झाल्यापासून थेट हायकोर्टात, मुंबई ऑफिसच्या आदेशावर मुंबई हायकोर्टात. आदेश हातात पडला त्याच दिवशी या दोन्ही तारखा कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा, मग खुशाल दोन दिवस तोंड पाडून बसा.